होडीतला दुसरा टीव्ही

५ नोव्हेंबर २०१८, सोमवार

आज धनत्रयोदशी. लोकांच्या घरात आज नवी वस्तू येते, आमच्या होडीतला टीव्ही आज मेला. दुपारची मालिका लावली तर पडद्यावर एक पांढरी रेघ आली, रेघेचा ठिपका झाला आणि ठिपकाही विझला. ह्यांनी पाठीत दोन थापा मारल्या. टीव्हीच्या. जळका वास आला तेव्हा थांबले.

होडीत टीव्ही कशाला, असं ही वही वाचणाऱ्याला वाटेल. वाचणारं कुणी नाही, तरी लिहून ठेवते. तीस वर्षं अंगणवाडीची रजिस्टरं लिहिली, अर्धवट नोंद मला बघवत नाही.

तर कायगावच्या पुढं, नाथसागराच्या म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्यात ह्यांच्या मूळ गावच्या बावीस जणांच्या शेतीला पाणी उपसायच्या मोटारी आहेत. पाणी मागं सरतं तशा मोटारी मागं न्याव्या लागतात, म्हणून त्या निळ्या पिंपांवर तरंगत्या ठेवलेल्या. काठापासून मोटारीपर्यंत केबल. केबलीत तांबं, आणि तांबं म्हटलं की चोर आलेच. दोन वर्षांपूर्वी हे वीज खात्यातून वायरमन म्हणून रिटायर झाले आणि गावानं ह्यांना राखणीला ठेवलं. बिघाड झाला तर दुरुस्तीही हेच करणार. ह्यांनी एका भोयाकडून जुनी होडी घेतली, वर ताडपत्रीचं छप्पर घातलं आणि तिथंच बस्तान मांडलं. अठ्ठावन्न वर्षं ज्यानं नदीत पाय धुतले नाहीत, तो माणूस! मी आठवड्यातले चार दिवस होडीत आणि तीन दिवस लासूर स्टेशनच्या घरी. टीव्ही होता म्हणून चार दिवस. नाहीतर तिथं पाणी बघत बसायला मी काय बगळा आहे?

मी म्हणाले, “टीव्ही गेला, आता मी चालले लासूरला. दिवाळीची भांडी घासायचीत.”

हे एकदम कावरेबावरे झाले. “अगं, दुसरा आणतो. चार दिवसांत आणतो. पाडव्यानंतर ये म्हणजे झालं.”

टीव्हीचा एवढा लळा आणि स्वतः मात्र टीव्हीकडं पाठ करून बसतात. काय म्हणावं ह्या माणसाला?

८ नोव्हेंबर, गुरुवार. पाडवा

संजीवनी जावयांसोबत शहरातून आली. लेक आली की घर भरतं. मी ह्यांना ओवाळलं. ताटात काही न टाकता हे लेकीकडं तोंड करून म्हणाले, “संजे, तुमच्या हॉलमधला जुना टीव्ही तुम्ही काढणार होता ना? तुझ्या आईच्या ओवाळणीला दे.”

मला इतकी लाज वाटली! बापानं लेकीकडं मागायचं? पण संजीवनी हसली. “बाबा, तो चोवीस इंची आहे. होडीत मावेल का? आणि तो घरच्या लाईटवर चालतो, तुमच्या बॅटरीवर नाही.”

“ते माझ्यावर सोड,” म्हणाले. “चौतीस वर्षं काय खांबावर चढून गमजा केल्या का मी?”

संजीवनीनं पुन्हा तोच विषय काढला. दोघं आमच्याकडं राहायला या, होडी पुरे झाली. हे उठून बाहेर गेले. जाताना उंबऱ्याला अडखळले, कपबशी लवंडली. माझी चांगल्यातली होती.

१४ नोव्हेंबर, बुधवार

टीव्ही लागला! पण काय काय झालं ते सांगते.

जुना टीव्ही बारा व्होल्टचा, ट्रॅक्टरच्या बॅटरीला सरळ जोडला की चालायचा. ह्या नव्याला म्हणजे लेकीच्या जुन्याला घरच्यासारखी दोनशे तीसची लाईट लागते. म्हणून ह्यांनी गंगापूरहून एक इन्व्हर्टर आणला, विटेएवढा. बॅटरीची लाईट एका बाजूनं आत जाते, घरची लाईट दुसऱ्या बाजूनं बाहेर येते. सगळं जोडलं. टीव्हीवर नुसत्या मुंग्या.

कारण छत्री. डिशची छत्री ह्यांनी होडीच्या टोकाला बांधलेली. जुन्या टीव्हीच्या वेळी होडी काठाच्या खाचेत असायची. आता पाणी सरलंय, होडी उघड्यावर आलीय. वारं आलं की होडी फिरते, होडी फिरली की छत्री फिरते. नायिका रडायला लागली की पडदा निळा. मी म्हणाले, “हिचं रडणं तरी पुरतं बघू द्या.”

शेवटी बिरू मदतीला आला. बिरू मेंढरं घेऊन उघड्या पडलेल्या गाळावर चारायला येतो. त्यानं छत्री काठावरच्या खडकात रोवली, वायर पाण्यावरून पिंपाच्या आधारानं होडीत आणली, आणि होडीला चारी कोपऱ्यांना दगडांची वजनं लावली. बिरू म्हणाला, “काकी, आता होडी नाय, घर झालं हे. कराचं बिल येईल.”

वायरी जोडताना हे बघतसुद्धा नव्हते. मान वर, नजर कुठंतरी पाण्यावर आणि बोटं आपोआप चाललेली. वायर सोलणं, पीळ देणं, स्क्रू आवळणं. सराव म्हणतात तो असा. मला खरंच अभिमान वाटला.

१७ नोव्हेंबर, शनिवार

ह्यांचा वर्षभरापासूनचा एक खेळ हल्ली फारच वाढलाय. मी टीव्ही बघत असते आणि हे मधेच विचारतात, “सांग बरं मास्तरीणबाई, मोटारी किती दिसतात?”

मी मोजते. “बावीस.”

“काठावर कोण उभं आहे?”

“बिरू. दुसरं कोण?”

“कशावरून? पटका कुठल्या रंगाचा?”

“लाल. तुम्ही माझी परीक्षा घेता का?”

तर म्हणाले, “तुझी नजर लई तेज आहे, म्हणून विचारतो.” पस्तीस वर्षांच्या संसारात पहिलं कौतुक! मी लगेच जाहिरातीत टीव्हीचा आवाज बारीक केला आणि काठ पुन्हा एकदा बघून सांगितला. अंगणवाडीत पोरांना मी असंच विचारायचे, झाडावर पक्षी किती.

एका गोष्टीचा मात्र राग आलाय. गुळाच्या पोळ्या केल्या होत्या. ह्यांना आवडतात म्हणून लासूरहून तूप लावून, फडक्यात बांधून आणल्या. मी भांडी विसळून वर आले तर बिरू काठावर बसून तीच पोळी खातोय. मागं शिऱ्याचंही असंच झालं. माझ्या हाताची गोडी कमी झाली असेल तर तोंडावर सांगावं. मी काही बोलले नाही, पण बोलणार आहे.

२५ नोव्हेंबर, रविवार

टीव्ही पाऊण तास चालला की इन्व्हर्टर टीं टीं करतो आणि सगळं बंद. बॅटरी थकलेली. हे म्हणाले, सौर प्लेट लावू, दिवसभर बॅटरी भरेल. गंगापूरला जायचं तर मोटरसायकल काढली नाही, मोटारवाल्यांतल्या कडूबाच्या मागं बसून गेले. विचारलं तर म्हणे पेट्रोल महाग झालंय. पेट्रोल काय कडूबाच्या गाडीला लागत नाही?

प्लेट आणली, छपरावर बसवली. आता दोन-अडीच तास आरामात चालतो. मी खूश आहे. म्हणजे कबूल करायला हरकत नाही, होडी मला आवडायला लागलीय. सकाळी पाण्यावर धूर दिसतो, पाणकावळे पिंपांवर पंख वाळवत बसतात. टीव्ही नसता तरी एखादा दिवस थांबले असते. हे त्यांना सांगणार नाही, डोक्यावर बसतील.

पण वायरींचा काय पसारा केलाय! लाल वायरीला एक गाठ, काळीला दोन गाठी. प्रत्येक ठिकाणी. छत्रीची वायर, प्लेटची वायर, बॅटरीची वायर, सगळीकडं गाठी. घरच्या दावणीलाही इतक्या गाठी नसतात. मी म्हणाले, “लाल काय आणि काळी काय, रंग आहेत ना? गाठी कशाला?”

“वायरमनची खूण असते,” म्हणाले.

चौतीस वर्षांत ही खूण मी कधी पाहिली नाही. असेल.

रात्रीतून तीन-चारदा उठतात. थंडी आहे, म्हणून असेल.

३ डिसेंबर, सोमवार

भांडण झालं. माझ्या भावाच्या मुलाचं लग्न, सिल्लोडला. मी म्हणाले आठ दिवस आधी जाणार, मी आत्या आहे. हे म्हणाले लग्नादिवशी जाऊन ये.

“का? तुमचं काय अडलंय माझ्यावाचून? भाकरी बिरूची बायको करून देईल.”

“भाकरीचं नाय म्हणत मी.”

“मग कशाचं?”

दोरीची गाठ चाचपत म्हणाले, “टीव्ही कोण बघेल?”

मी हसावं की रडावं? म्हणाले, “टीव्हीला राखणीला ठेवलंय का मला?” आणि पोळ्यांचंही तिथंच काढलं, बिरूसमोर. बोलू नये ते बोलले. हे नुसते ऐकत राहिले. मी पिशवी भरली तेव्हा काठापर्यंत सोडायला आले, पण दोरी धरून उभे राहिले, काठावर उतरले नाहीत. मी मागं वळून हात केला. त्यांनी हात केला नाही. इतका राग?

११ डिसेंबर, मंगळवार. सिल्लोड

हळदीच्या गडबडीत कारभारींचा फोन. कारभारी आमच्या गावचे, मोटारींच्या मंडळाचं सगळं तेच बघतात. म्हणाले, “आशाबाई, चोरी झाली. कडूबाच्या केबलीचे तीन मोठे तुकडे कापून नेले.”

“रात्री?”

“रात्री कुठलं! भर दुपारी दोन वाजता. ह्या आठवड्यात आपल्याला लाईट रात्रीची आहे, दिवसा तारा मेलेल्या. त्यांना हे ठाऊक. होडीपासून शंभर पावलांवर, आरामात बसून कापली. आणि काकासाहेब होडीत बसलेले! बिरूच्या बायकोनं बघितलं. ती म्हणते, त्यांनी तिकडं तोंडसुद्धा फिरवलं नाय.”

“झोपले असतील.”

“जागे होते. तिनं हाक मारली तर ओ दिली.”

गावात काय बोलतात तेही त्यांनी सांगितलं, आडपडदा न ठेवता. काही म्हणतात, काकासाहेब चोरांना सामील आहेत. कडूबा तर काठावर उभा राहून शिव्या देऊन गेला.

हळदीचं ताट मी तिथंच खाली ठेवलं. दहा दोष दाखवीन मी ह्या माणसाचे, पण चोर? चौतीस वर्षांत कुणाचा वीजचोरीचा आकडा काढताना त्यानं एक कप चहा घेतला नाही. उद्या अक्षता पडल्या की निघते. जेवायलाही थांबणार नाही.

१३ डिसेंबर, गुरुवार

आले. हे दाढी वाढवून बसलेत. काही विचारलं की “झालं ते झालं.” मी म्हणाले, “तुम्ही बघितलं का नाही?” म्हणाले, “डुलकी लागली होती.”

खोटं बोलतात. बिरूच्या बायकोला ओ कशी दिली मग? पण हा माणूस खोटं बोलला की कानाची पाळी चोळतो, आज चोळली. कशासाठी खोटं बोलतात तेच मला कळत नाही. रविवारी गावाची बैठक होणार होती, कारभारींनी पुढं ढकलली. म्हणाले राग निवू द्या.

टीव्ही लावला नाही.

१५ डिसेंबर, शनिवार

आज घडलं ते सगळं लिहिते.

सकाळी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मन लागत नसलं की मी आवराआवर करते, अंगणवाडीपासूनची खोड आहे. हे काठावर दाढी करायला बिरूकडं गेले. मी होडी झाडली, डबे पुसले, मग वायरींच्या गुंत्यात हात घातला. बॅटरीच्या वायरी इन्व्हर्टरपासून सुटलेल्या होत्या. त्या गाठी बघून डोकं उठलं. सगळ्या सोडल्या. वायरी सरळ केल्या, पुसल्या, सुतळीनं नीट बांधून ठेवल्या. लाल ती लाल, काळी ती काळी. स्वच्छ.

हे आले. मला खूश करावं म्हणूनच असेल, म्हणाले, “चल, तुझा टीव्ही लावून देतो.” बॅटरीपाशी बसले. दोन्ही वायरी हातात घेतल्या, बोटं वरून खाली फिरवली. परत वर. परत खाली. मी समोर बसलेले, दहा वाजताचं लख्ख ऊन, लाल वायर त्यांच्या उजव्या हातात आणि ती ते काळीच्या जागी लावायला निघालेले. मला वाटलं, काहीतरी वेगळी रीत असेल. वायरमनला मी काय शिकवणार?

फाट् करून आवाज झाला. इन्व्हर्टरमधून धूर. ह्यांचा हात झटकन मागं आला, कोपर बॅटरीवर आदळलं.

“गाठी कुणी सोडल्या?” असे ओरडले! आयुष्यात माझ्यावर असे ओरडले नव्हते.

“मी सोडल्या! गाठी कशाला लागतात? लाल दिसत नाही का तुम्हाला?”

बोलले, आणि माझं मलाच ऐकू आलं.

ते वायरी चाचपत राहिले. मी वही उचलून त्यांच्या तोंडासमोर धरली. “ह्यावर काय आहे?” त्यांनी हात लावून बघितला. म्हणाले, “वही आहे.” वहीच्या पुठ्ठ्यावर हिरव्या पानात कापसाचं पांढरंशुभ्र बोंड छापलंय, वाटीएवढं. अगंबाई! हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, आणि माझ्या हातचंच मला दिसलं नाही.

१६ डिसेंबर, रविवार

काल संध्याकाळी बोलले. एकदम नाही, दम खात खात.

रिटायर व्हायच्या आधी खात्याच्या तपासणीत साखर निघाली होती. कुणाला सांगितलं नाही. वर्षभरानं डोळ्यांपुढं काळे धागे तरंगायला लागले, मग सगळं धुक्यातल्यासारखं. डावा डोळा जवळजवळ गेलेला. उजव्यानं माणूस उभा आहे एवढं कळतं, कोण आहे ते कळत नाही.

“मला का नाही सांगितलं?”

“काय सांगू? वायरमनला दिसत नाय म्हणल्यावर त्याला कोण बोर्डाला हात लावू देईल? संजीच्या फ्लॅटात नेऊन बसवलं असतं तुम्ही दोघींनी. तिथं मला भिंतीचीसुद्धा माहिती नाय. इथं हात लांब केला की सगळं हाताशी येतं.”

“आणि टीव्ही?”

कानाची पाळी चोळली नाही. “टीव्ही असला की तू थांबतेस. तू थांबलीस की मला काठ दिसतो.”

म्हणजे तो खेळ, ते मोटारी मोजणं, ते कौतुक! सगळी राखण वर्षभर मी करत होते आणि मला वाटत होतं मी मालिका बघतेय. मला संताप आला. फसवलं म्हणून आला, आणि वर्षभर हा माणूस एकटा ह्या धुक्यात बसला होता म्हणून जास्त आला. आणि मी त्याला गुळाच्या पोळ्या खायला घालत होते, तूप लावून.

मी म्हणाले, उद्याच दवाखाना. ते म्हणाले, बघू. मी म्हणाले, तुम्ही बघायचं काम राहू द्या आता. असं बोलायला नको होतं. पण ते हसले. मग मला रडू फुटलं.

२० डिसेंबर, गुरुवार

आज शहरात डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. संजीवनी आली होती, केसपेपर काढायला रांगेत गेली. आम्ही तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर. आतला माणूस एकेकाला पाटीवरची अक्षरं वाचायला लावत होता, दार उघडंच. आमच्या आधी अकरा जण. हे डोळे मिटून ओठ हलवत बसलेले. मला वाटलं देवाचं नाव घेतात. मनात म्हणाले, अडला नारायण! आयुष्यात कधी हात जोडले नाहीत, आता सुचलं. बरं वाटलं मला.

आमचा नंबर लागला. मी सोबत आत गेले. त्या माणसानं ह्यांचा डावा डोळा झाकला. “वाचा बाबा.” हे घडाघडा वाचायला लागले. वरची मोठी ओळ, मधली, त्याखालची. मला आनंद इतका झाला की टाळीच वाजवणार होते. उजवा डोळा शाबूत! तो माणूसही म्हणाला, “वा बाबा, तुमची नजर तर चांगली आहे.” उजवा झाकला. डाव्यानंही तसंच घडाघडा.

डावा तर गेलाय म्हणाले होते.

मग मला कळलं. अकरा माणसांनी तीच पाटी वाचली होती आणि ह्यांनी बाकावर बसून ती पाठ केली होती. देवाचं नाव नव्हे, पाटी! पास व्हायचं, घरी जायचं, होडीत बसायचं. तो माणूस कागदावर काहीतरी लिहायला लागला. ह्यांनी माझ्या दिशेला तोंड केलं. नजर माझ्यावर नव्हती, माझ्या खांद्याच्या बाजूला होती, पण चेहऱ्यावर विनवणी होती. मला सगळी समजली.

मी त्या कागदाकडं बघत राहिले. पेन चालत होतं.

“साहेब,” मी म्हणाले, “ह्यांनी ते ऐकून पाठ केलंय.”

त्या माणसानं बटण दाबलं, पाटी बदलली. “आता वाचा.”

हे वाचेनात. दारात उभे असलेले दोघं-तिघं हसले. ह्यांची मान खाली गेली आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मग मोठ्या डॉक्टरबाईंनी थेंब घालून आत बघितलं. म्हणाल्या, डोळ्याच्या पडद्यावर साखरेनं रक्त उतरलंय. डावा आता परत येणार नाही. उजव्याला लेसर करू, दोन-तीनदा यावं लागेल. गेलेली नजर मिळणार नाही, उरलेली वाचवू. आज आलात म्हणून. आणखी चार महिन्यांनी काहीच करता आलं नसतं.

परत येताना बसमध्ये हे माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

२६ डिसेंबर, बुधवार

पहिलं लेसर झालं. अबोला सहावा दिवस. साखरेच्या गोळ्या मी देते, ते घेतात, पाणी पितात, तोंड फिरवतात. असू दे. मी केलं ते बरोबर केलं. रोज स्वतःला हे सांगावं लागतं.

संजीवनीनं नवा इन्व्हर्टर पाठवला. मी तो बॅटरीपाशी ठेवला आणि म्हणाले, “मला जोडायचाय. सांगणार असाल तर सांगा, नाहीतर बिरूला विचारते. त्याला मेंढरांतलं सगळं कळतं.”

ते पाठमोरे असतानाच म्हणाले, “आधी बटण बंद आहे का बघ.”

“बंद आहे.”

“लाल वायर घे. टोक किती सोललंय?”

“बोटाच्या पेराएवढं.”

“लई झालं. अर्धं काप. पीळ उजवीकडं दे. स्क्रूखाली घाल, आवळ. ओढून बघ, निघता कामा नये. मग काळी.”

माझ्या हाताला घाम. दोनदा निसटली. ते सरकून जवळ आले आणि माझ्या बोटांवरून बोटं फिरवून बघितलं. “ढिली आहे,” म्हणाले. परत आवळली. “आता बॅटरीला. लाल आधी. चेहरा लांब ठेव.”

बटण दाबलं आणि टीव्ही लागला. मी जोडलेला! कुठल्यातरी स्वयंपाकाच्या कार्यक्रमात बाई वांगी चिरत होती. मला इतका आनंद झाला की मी ओरडलेच. ते म्हणाले, “ओरडू नको, माणसं पळत येतील.” एवढंच. पुन्हा पाठ फिरवून बसले. पण ते एवढंसुद्धा सहा दिवसांत पहिलं होतं.

६ जानेवारी २०१९, रविवार

आज मारुतीच्या पारावर बैठक झाली. मी ह्यांना म्हणाले होते, तुम्ही नाही आलात तरी चालेल. ते माझ्या आधी चपला घालून तयार.

मी रात्रीच सगळं ठरवून ठेवलं होतं. दवाखान्यात मी त्यांना चारचौघांत उघडं पाडलं, निदान गावात झाकायचं. खोटं तर खोटं. माझी जीभ तयार होती.

कारभारींनी विषय काढला. मी उभी राहिले. “ह्यांची पाठ धरलीय. डॉक्टरांनी आराम सांगितलाय. चोरी झाली त्या दिवशीही पाठीनंच बेजार होते, उठता आलं नाही. आता राखणीला मी बसते. वायरीचं कामही थोडं येतं मला.”

कुणीतरी म्हणालं, “बाईमाणूस राखणीला?” मी म्हणाले, “का? चोर काय आमंत्रण बघून येतात का?” माणसं हसली. मला वाटलं, जमलं.

तेवढ्यात कडूबा उठला. त्याचा राग रास्तच होता, त्याचा हरभरा पाण्यावाचून वाळला होता. “पाठ धरली होती म्हणता. मग डोळे कुठं गेले होते? ओरडता तरी आलं असतं ना? माझ्या केबलीवर बसून माणसं तांबं सोलत होती आणि तुम्ही तिकडं तोंड करून बसला होता काकासाहेब! खरं काय ते सांगा. तुमचा वाटा किती होता?”

मी बोलायला तोंड उघडलं. ह्यांनी माझा पदर धरून मला खाली बसवलं आणि स्वतः उभे राहिले.

“पाठ चांगली आहे माझी,” म्हणाले. “मला दिसत नाय.”

कुणाला समजलंच नाही. ते पुन्हा म्हणाले, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “दिसत नाय मला. एक डोळा गेला, एक जाताजाता राहिला. कडूबा, तू आत्ता उभा आहेस का बसलास ते मला कळत नाय. त्या दिवशी आवाज आला होता. मला वाटलं कुणीतरी मोटार सरकवतंय. मी विचारलं नाय, कारण विचारलं असतं तर तुम्हाला कळलं असतं. तुझी केबल माझ्या भीतीपायी गेली. वाटा म्हणतोस तर हा माझा वाटा.”

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुसायचंही सुचेना.

“वर्षभर जे राखलं ते हिनं राखलं,” म्हणाले. “तिलासुद्धा ठाऊक नव्हतं. पाठीचं ती खोटं बोलली, माझ्यासाठी बोलली. मला आता त्याची गरज नाय. राखण हिच्या नावावर करा. मोटार बिघडली तर मी हातानं बघून सांगेन, जोडेल ती. पटलं तर ठेवा, नाय पटलं तर आम्ही होडी घेऊन जातो.”

बोलून झालं आणि ते तसेच उभे राहिले. पाराची कड कुठं आहे ते त्यांना कळत नव्हतं. मी उठणार होते, पण त्यांनी सगळ्यांसमोर, मोकळेपणानं विचारलं, “कुठं बसू मी?”

कडूबा पुढं आला. आत्ताच ज्यानं वाटा विचारला होता त्यानंच ह्यांचा हात धरला, पायरी सांगितली आणि स्वतःच्या शेजारी बसवलं. कारभारींनी मला विचारलं, उद्यापासून राखणीला बसणार का. मी हो म्हणाले.